उजव्या खिशातले चिंचोके

चिंचोके मावशींना दोन खिसे नसलेला कपडा चालत नसे. साडी त्या लग्नकार्यालाच नेसत, आणि त्यावरसुद्धा मुद्दाम शिवून घेतलेलं बिनबाह्यांचं जाकीट चढवत. डाव्या खिशात मूठभर भाजलेले चिंचोके, उजवा खिसा रिकामा. समोरचं मूल किंचाळलं, चावलं, किंवा नजर वर करून त्यांच्याकडे बघितलं, की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे जाई. तोंडानं गप्पा चालू, हसणं चालू, आणि हात मात्र खिशात आपलं काम करत असे. संध्याकाळी निघताना त्या उजवा खिसा टेबलावर पालथा करायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या. त्यांचं खरं नाव कुंदा, पण डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या आम्हा मराठी मंडळींत ते कुणाला सांगूनही लक्षात राहत नसे.

हे चिंचोके त्यांनी नागपूरहून आणलेले होते. परदेशातून बिया आणायच्या नसतात, हे इथं येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि तरी प्रत्येकाच्या बॅगेत काहीतरी चोरून आलेलं असतंच. मृणालनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कढीपत्त्याचं रोप मोज्यात घालून आणलंय. मावशींनी मात्र चिंचोके आधी कढईत खमंग भाजले, विमानात मिळालेल्या फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहिले, आणि डेट्रॉइटला उतरल्यावर रांग सोडून स्वतःच अधिकाऱ्यापुढे जाऊन पुडी उघडली. ‘भाजलेले आहेत, उगवणार नाहीत,’ असं त्याला समजावून सांगायला अर्धा तास गेला. बाहेर थांबलेला त्यांचा मुलगा तोवर घाबरून अर्धा झाला होता.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा आमचा निहार चार वर्षांचा होता. आता तो माझ्या खांद्याला लागतो, पण तेव्हा त्याच्याकडे एकही शब्द नव्हता. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं आणि एबीए सुरू करा म्हणाले. म्हणजे मुलाचं वागणं नीट बघायचं, मोजायचं, ते कशामुळे होतं ते शोधायचं आणि लहान लहान पायऱ्यांनी त्याला नवं काही शिकवायचं. सांगायला सोपं होतं. सगळीकडे वेटिंग लिस्ट होती आणि त्या काळात आमच्या राज्यात हे काम कुणी करावं याला कायद्याचं कसलंच बंधन नव्हतं. न्हाव्याला लायसन्स लागे, नखं रंगवणाऱ्या मुलीला लागे, पण माझ्या न बोलणाऱ्या मुलासोबत बंद खोलीत बसणाऱ्याला लागत नसे. मला तेव्हा त्यात काही वावगंही वाटलं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणालं, ‘अरे, चिंचोके मावशींना विचार ना,’ आणि मी विचारलं. नागपूरला त्यांनी मानसशास्त्रात एमए केलं होतं, तिथल्या विशेष मुलांच्या शाळेत अठरा वर्षं काढली होती, आणि मुलाच्या मागोमाग इथं आल्यावर ओळखीओळखीतून घरोघरी जाऊन हेच काम करत होत्या.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, ‘तो नेहमी ओरडतो हो.’

‘नेहमी म्हणजे किती?’

‘म्हणजे... दिवसातून खूपदा.’

‘खूपदा हा काही आकडा नाही ना, भाऊ.’

मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. ऑफिसात कुणी ‘ब्रेक खूपदा लागतो’ असं म्हणालं तर मी त्याला मीटिंगमधून उठवीन. मृणाल फिसकन हसली. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं, त्यामुळे माझी फजिती मला गोड वाटली.

मावशींची दुसरी रीत पचनी पडायला मात्र वेळ लागला. त्या मुलाच्या खोलीत जातच नसत. उंबऱ्याबाहेर कार्पेटवर मांडी घालून बसत, पुढ्यात एखादा भोवरा नाहीतर रंगीत झाकणं ठेवत आणि आपल्याच नादात खेळत राहत. मुलानं बोट धरून आत नेलं तरच आत. निहारनं त्यांना अकरा दिवस बाहेर बसवलं. आठव्या दिवशी मी न राहवून म्हणालो, ‘मावशी, किती दिवस वेटिंगवर राहणार? डायरेक्ट स्टार्ट करून टाका ना.’

‘तुमच्या घरी कोणी बेल न वाजवता घुसलं तर तुम्ही काय कराल?’ त्यांनी विचारलं. ‘पोलीस बोलवाल. हा बोलवू शकत नाही, म्हणून ओरडून राहिला.’

बाराव्या दिवशी निहारनं त्यांची करंगळी धरली. त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत ‘बाप्पा रे’ म्हणाल्या आणि आत गेल्या. दार अर्धं उघडं ठेवायचं, हा त्यांचाच नियम होता. आईबापांना कधीही डोकावता आलं पाहिजे, म्हणायच्या.

निहार तेव्हा भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. आम्ही त्याला कारणच नाही असं धरून चाललो होतो. मावशींनी आठवडाभर उशिरापर्यंत थांबून चिंचोके मोजले, प्रत्येक चिंचोक्यापुढे वेळ लिहिली आणि शनिवारी वही घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या. डोकं आपटणं बहुतेक वेळा संध्याकाळी सहाच्या सुमाराला होत होतं, आणि त्या सुमाराला मृणाल मिक्सर लावत होती. मिक्सर गॅरेजमध्ये गेला. पंधरा दिवसांत उजवा खिसा जवळजवळ रिकामा यायला लागला. दीड वर्षं आम्ही नशिबाला, डॉक्टरांना आणि एकमेकांना दोष देत होतो आणि दोष चटणीचा होता. आजही आमच्याकडे दाण्याचं कूट गॅरेजमध्ये, थंडीत उभं राहून केलं जातं.

पण सगळंच त्या बदलायला जात नसत. सांगलीहून माझी आई आली होती. निहार आनंदात आला की दोन्ही हात पाखरासारखे हलवतो, ते तिला बघवेना. ‘आधी ते हात हलवणं बंद करा हो त्याचं. लोक बघतात,’ ती म्हणाली.

‘आई, तुम्ही जप करताना पाय हलवता,’ मावशी म्हणाल्या. ‘मोजू का?’

आईनं पाय पोटाशी घेतले. पुढे दोघींचं इतकं जमलं, की आई गावी परतल्यावर फोनवर आधी मावशींची चौकशी करी आणि मग माझी.

आम्हा आईबापांनाही मावशी गृहपाठ देत. शनिवार-रविवारी निहारनं आपणहून किती वेळा काही मागितलं ते मोजायचं. एका रविवारी मी क्रिकेट बघत बसलो आणि रात्री वहीत आठ लिहून टाकले. सोमवारी मावशींनी चष्मा नाकावर घेऊन तो आठ बराच वेळ न्याहाळला.

‘भाऊ, हा आकडा खिशातला की मनातला?’

मी खोटं रेटायचा विचार केला, पण जमेना. ‘मनातला,’ मी म्हणालो. त्यांनी आठ खोडून तिथं मोठी फुली मारली. ‘काही नाही लिहिलं तरी चालते. पण मनातला आकडा लिहिला तर त्याच्या भरवशावर मी उद्या पोराला काही भलतंच शिकवीन.’ नंतर मी कधी तसं केलं नाही, आणि ऑफिसात कुणाचा रिपोर्ट संशयास्पद वाटला की हाच प्रश्न इंग्रजीत विचारायला लागलो.

निहारनं पहिल्यांदा ‘पाणी’ म्हटलं तो चिंचोका मात्र उजव्या खिशात गेला नाही. मावशींनी तो मृणालच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटून दिली. तो अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे.

अशी पाच वर्षं गेली. मग एक दिवस मावशी मला म्हणाल्या, ‘भाऊ, मंगळवारी लॅन्सिंगला नेता का? तिथं कायद्याची सुनावणी आहे.’ लॅन्सिंग ही आमच्या राज्याची राजधानी, आणि तिथं एबीए करणाऱ्यांना लायसन्स लागू करायचा कायदा येऊ घातला होता. ठरावीक अभ्यासक्रमाची मास्टर्स डिग्री, कुणा जाणत्याच्या देखरेखीखाली काढलेले शेकडो तास, मोठी परीक्षा, आणि मग परवाना. मावशींची नागपूरची एमए त्यात कुठेच बसत नव्हती. कायदा झाला तर त्यांना हे काम स्वतंत्रपणे करता येणार नव्हतं. मी ताबडतोब सुट्टी टाकली. कायद्याला विरोध करायला निघालेल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायला नको?

दीड तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना घाणेरडा झालेला बर्फ. मावशी शेजारी बसून कागदावरचं इंग्रजी पुटपुटत होत्या. मी त्यांना मुद्दे सुचवत होतो, अनुभव सांगा, निहारचं उदाहरण द्या, वाटल्यास मी बोलतो. त्या ‘हो, हो’ म्हणत होत्या.

आत त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्या समितीपुढे जाऊन बसल्या, माईक जवळ ओढला आणि म्हणाल्या की हा कायदा झालाच पाहिजे.

मला वाटलं, घाबरून उलट बोलल्या. पण त्या पुढे बोलत राहिल्या. या देशात आल्यावर पहिले दोन महिने त्यांनी एका क्लासमध्ये मदतनीस म्हणून काम केलं होतं. आपल्याच लोकांतला एक गृहस्थ घराच्या तळघरात तो क्लास चालवायचा. बोलणं गोड, सगळे त्याला सर म्हणत, ओळखीओळखीतून मुलं येत. तिथं सात वर्षांची एक मुलगी होती. ती रडली की सर तिला बाथरूममध्ये कोंडून बाहेरून दिवा बंद करत. यालाच ते ट्रीटमेंट म्हणत. मावशींनी जाकिटाच्या खिशातून पुडी काढली आणि चिंचोके टेबलावर एकेक करून मांडले. अकरा. एका दिवसाचे.

‘मी काम सोडलं. तक्रार करायला गेले,’ त्यांनी सांगितलं. ‘जिथं गेले तिथं हेच विचारलं, त्याचं लायसन्स कुठलं? लायसन्स नव्हतंच. मग काढून काय घेणार?’ मुलगी घाबरून काही सांगू शकत नव्हती, तिच्या आईबापांचा सरांवर विश्वास होता, आणि मावशी तर नव्यानं आलेल्या, मोडकं इंग्रजी बोलणाऱ्या. क्लास पुढेही दोन वर्षं चालला.

समितीतल्या एका म्हाताऱ्या सभासदानं विचारलं, ‘मॅडम, या कायद्यानं तुम्हाला स्वतःला परवाना मिळेल का?’

‘नो सर,’ मावशी म्हणाल्या. ‘आय विल नॉट गेट.’

त्यानं पेन खाली ठेवलं. मावशी चिंचोके गोळा करून पुडीत भरत होत्या, आणि ते भरून होईपर्यंत पुढचं नाव कुणी पुकारलं नाही.

परतताना मी रागावलो होतो. खरं तर घाबरलो होतो. निहारचं काय होणार, एवढंच मला दिसत होतं. मग आपल्या लोकांना सुचतं ते मला सुचलं. मी म्हणालो, ‘मावशी, टेन्शन घेऊ नका. कायदा झाला तरी तुम्ही यायचंच. आपण त्याला एबीए म्हणायचंच नाही. मराठीची शिकवणी म्हणू. नाहीतर बेबीसिटर म्हणू यार, कोण बघायला येतंय?’

त्यांनी हातातल्या कागदाची घडी केली. ‘मला का बोलवता तुम्ही, भाऊ?’

‘कारण तुम्ही चांगल्या आहात. आम्हाला माहीत आहे.’

‘सरांबद्दलही सगळ्यांना हेच माहीत होतं.’

 मग त्याच पुढे म्हणाल्या, ‘माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. गावात चांगली माणसं काय कमी होती? पण चांगल्या माणसांनी विहीर उघडली नाही. कायदा आला, तेव्हा हक्कानं दोर सोडता आला. आमच्या घरी घटनेचं पुस्तक होतं, बाबा ते मोठ्यानं वाचायला लावत. म्हणत, कायद्यानं आपल्याला पाणी दिलं तेव्हा तो गोड लागला. उद्या तो आपल्याला अडवेल, तेव्हा तोंड कडू करायचं नाही.’ एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि मला सांभारवडी दिली. कोथिंबिरीची वडी ती, नागपूरकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. राग आलेला असताना ती खाणं अवघड असतं, कारण ती फार चांगली झालेली असते.

कायदा झाला. अमलात यायला अजून अवधी होता. परवाना असलेल्या कुणाच्या तरी हाताखाली काम करायची सोय कायद्यात होती. मी त्या कलमाचं प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते नीट वाचलं. ‘वाट आहे, भाऊ. पण सुरुवातीपासून आहे. ट्रेनिंग, परीक्षा, मग ते पाठवतील त्या घरी जायचं, दिवसभर खाली बसायचं. माझे गुडघे आता तेवढे चालणार नाहीत.’ त्यांचा मुलगा एव्हाना दूर वाळवंटातल्या चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत लागला होता, आणि ऊन गुडघ्यांना बरं म्हणून त्यांना बोलवत होता. मृणाल त्या दिवशी त्यांच्याशी भांडली. ‘तुम्हीच बोलून आलात आणि तुम्हीच चाललात,’ असं काहीसं म्हणाली आणि मग त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून रडली.

शेवटचे तीन महिने मावशींनी एकाच कामात घातले. त्यांनी आमच्यासाठी लायसन्सवाली मुलगी शोधली. तिचं नाव केटलिन. सत्तावीस वर्षांची, हातात टॅबलेट, बोटाच्या एका टिचकीनं आकडे भरणारी. ती पहिल्याच दिवशी सरळ निहारच्या खोलीत शिरायला निघाली, तेव्हा मावशींनी तिला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर कार्पेटवर बसवलं. केटलिनच्या भिंतीवर तीन सर्टिफिकेटं असतील, पण तिनं मुकाट्यानं मांडी घातली, आणि तेव्हाच मला ती आवडली. सहा दिवस ती बाहेर बसली. सातव्या दिवशी निहारनं तिचं बोट धरलं. मावशी जिन्याच्या पायरीवर बसून बघत होत्या. त्यांनी एक चिंचोका डावीकडून उजवीकडे टाकला आणि पदर नव्हता म्हणून जाकिटाच्या टोकानं डोळे पुसले.

मावशी निघाल्या तो मंगळवार होता. त्यांनी चिंचोक्यांची पुडी माझ्या हातात दिली. ‘तिकडं घरात नातवंडं येतील. त्यांना नुसतं खेळवीन, मोजणार नाही,’ म्हणाल्या. निहार त्यांच्या गळ्याबिळ्यात पडला नाही. पाच वाजले तसे त्यानं रोजच्याप्रमाणे त्यांचे बूट दाराशी आणून ठेवले, जोडीनं, तोंड बाहेरच्या बाजूला करून. रडलो ते आम्ही.

दर मंगळवारप्रमाणे पुढच्या मंगळवारीही मी घरून काम करत होतो. केटलिनची वेळ चारची, मावशींची तीनची. तीन वाजता निहार दाराशी गेला, दार उघडलं, बाहेर बघितलं, बंद केलं. परत आला. परत गेला. मी पुडी काढली आणि चिंचोके डाव्या खिशात भरले.

त्या रविवारी फोनवर मी म्हणालो, ‘मावशी, निहार नेहमी तुमची वाट बघतो.’ आणि लगेच जीभ चावली.

‘नेहमी म्हणजे किती?’

‘एकोणीस वेळा. मंगळवारी, तीन ते चार.’

 ‘मोजलंत होय,’ त्या म्हणाल्या, आणि वही शोधायला उठल्याचं मला ऐकू आलं.

मग तो आमचा रिवाजच झाला. दर रविवारी मी आकडा सांगायचो आणि त्या तिकडे वहीत लिहायच्या. पंधरा. सोळा. नऊ. सहा. केटलिनचं काम छान चाललं होतं. निहार तिला दोन शब्द जोडून काही मागायला लागला होता. आकडा उतरणं ही चांगली खूण होती. हे मावशींनीच मला शिकवलं होतं, आणि दर आठवड्याला तो उतरताना मला तो नकोसा होत होता.

एका मंगळवारी निहार तीन वाजता जागचा हललाच नाही. झाकणं रांगेत लावत बसला, हात हलवत, खुशीत. मी चार वाजेपर्यंत दाराकडे बघत बसलो. उजवा खिसा रिकामा राहिला.

रविवारी मावशींनी विचारलं, ‘हं, या आठवड्याचा?’

‘दोन,’ मी म्हणालो.

पलीकडे पेन्सिल थांबली. चष्मा नाकावर घेतल्याचंसुद्धा मला कळलं.

‘भाऊ, खिशातला की मनातला?’

मला तेव्हाही खोटं रेटता आलं नाही. ‘मनातला,’ मी म्हणालो.

‘असं करा,’ मावशी म्हणाल्या. ‘निहारचं शून्य लिहिते. आणि हे दोन तुमच्या नावावर लिहिते.’